शेठांच्या गुडघ्याचे पस्तीस दिवस

आमच्याकडे किस्से रिजेक्ट मालासारखे साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. ते उचलून टाकायचे कोणी, हे ठरलेलं नसतं, म्हणून कोपऱ्यातला ढीग वाढत जातो. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही प्रेशर कुकरच्या झाकणात बसणाऱ्या रबरी रिंगा बनवतो. मी प्रदीप, डिस्पॅच बघतो. राहायला तुळिंजच्या गर्दीत, त्यामुळे गोंधळाची सवय घरापासूनच!

तर आमचे शेठ. बावीस वर्षं सगळं एकटे बघत आले. रबर कुठून आणायचं इथपासून संडासात फिनेल किती टाकायचं इथपर्यंत. आम्हाला एकच वाक्य यायचं, "शेठ, काय करू?"

मग त्यांचा गुडघा बदलायचं ठरलं. पस्तीस दिवस कंपनीत यायचं नाही, आणि फोन वहिनींच्या ताब्यात. जाण्याच्या आदल्या दिवशी शेठांनी चौघांना केबिनमध्ये बोलावलं आणि एकेक बंद पाकीट दिलं.

"ज्याची त्याची जबाबदारी आत लिहिलीय. याला मॅनेजमेंट म्हणतात!"

एवढं बोलून लंगडत निघून गेले.

* * *

दुसऱ्याच दिवशी प्रेसचा पट्टा तुटला. नवीन मागवायचा की जुना शिवून घ्यायचा?

माझ्या पाकिटातल्या कागदावर शेवटची ओळ होती : अडचण आल्यास सावंतला विचारणे. सावंत म्हणजे आमचा क्वालिटीवाला. मी त्याच्याकडे गेलो. त्याच्या कागदावर होतं, फिलोमिना मॅडमना विचारणे. मॅडम पॅकिंगच्या सुपरवायझर. आम्ही दोघं तिकडे. मॅडमच्या कागदावर, गंगारामकाकांना विचारणे. काका चांदीप गावचे, रबर मिक्सिंगचे जुने कारागीर. आता आम्ही तिघं काकांपुढे उभे. काकांनी खिशातून घडी काढली, चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"प्रदीप, तुलाच इचारायचा लिवलाय रे."

फिलोमिना मॅडमनी चारही कागद हातात घेऊन उलटसुलट केले. "यात देवाचं नाव कुठेच नाही का?"

* * *

एक ओळ मात्र चौघांच्याही कागदावर सारखी होती. 'संध्याकाळी गेट बंद असल्याची खात्री करणे.'

पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला वाटलं, बाकीचे तिघं आहेत की! सकाळी येऊन बघतो तर गेट सताड उघडं. आत एक कुत्रं झोपलेलं. नशीब, माल जागेवर होता. मॅडम छातीवर क्रूस करून खाली बसल्या.

त्या संध्याकाळी चौघांनीही, एकमेकांना न सांगता, बाजारातून कुलूप आणलं. गेटला चार कुलपं. पुढच्या सकाळी तिघांच्या किल्ल्या लागल्या आणि सावंत आला साडेदहाला! तोवर अख्खी कंपनी रस्त्यावर.

काका म्हणाले, "चोर आला असता ना, तर दमून घरी गेला असता."

* * *

सावंतचं वेगळंच झालं. तो क्वालिटीचा होताच, शेठांनी त्याला प्रॉडक्शनपण दिलं. एक लॉट निघाला, रिंगांच्या कडेला जास्तीचं रबर. सावंतने नियमाप्रमाणे बोर्डवर चिठ्ठी लावली, "प्रॉडक्शन विभागाने निष्काळजीपणा केला आहे. सावंत."

दुपारी खाली दुसरी चिठ्ठी. "क्वालिटी विभागाला टार्गेटची कल्पना नाही. सावंत."

दोन दिवस चिठ्ठ्या चालल्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग माल पाठवू का नको?"

तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "थांब. दोघांचं अजून जमत नाहीये."

* * *

काकांच्या कागदावर वर लिहिलं होतं, युटिलिटी इन-चार्ज. आठ दिवस काका डबासुद्धा एकटे बसून खायचे. शेवटी मला बाजूला घेतलं.

"म्हंजे करायचा काय?"

मलाही माहीत नव्हतं. सावंतला विचारलं. तो म्हणाला, "युटिलिटी म्हणजे उपयोग."

काकांचा चेहरा पडला. "म्हंजे बावीस वर्सा माजा उपेग नव्हता?"

मग मॅडमनी त्यांना टाकीपाशी नेलं, पंप दाखवला, मेन स्विच दाखवला. "पाणी आणि लाइट, काका. ते तुमच्या हातात. ते नसेल तर आम्ही सगळे बंद."

"मंग असा लिवायचा ना! पानी तर मी पयल्यापासून बघतो."

दुसऱ्या दिवशी पंपावर खडूने लिहिलेलं, 'गंगारामला विचारल्याशिवाय हात लावू नये.'

* * *

खरी कसोटी लागली ती मोठ्या ऑर्डरच्या दिवशी. टेम्पो भरून उभा, ऑर्डर देणाऱ्या पार्टीचा माणूस घड्याळ बघतोय आणि मालाच्या चलनावर लिहिलेलं : अधिकृत सही. बावीस वर्षं ती शेठ करायचे. चारही कागद पुन्हा वाचले. सही कोणाच्याच वाट्याला नव्हती! वहिनींना फोन लावला, तर म्हणाल्या, "झोपलेत. आणि जागे असते तरी फोन दिला नसता."

पार्टीचा माणूस म्हणाला, "अर्ध्या तासात निघालं नाही तर ऑर्डर दुसरीकडे."

सावंतने पेन माझ्याकडे सरकवलं. मी काकांकडे. काका म्हणाले, "मी पानी आणि लाइट." मॅडमनी पेन उचललं, झरझर काहीतरी लिहिलं, टेम्पो गेला.

"मॅडम, काय लिहिलंत?"

"'करिता' लिहून सही ठोकली."

"करिता? कोणाकरिता?"

"ते खाली रिकामं ठेवलंय."

* * *

पस्तीस दिवसांनी शेठ वॉकर घेऊन आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केबिनमध्ये बसले. अकरा वाजले, बारा वाजले, विचारायला कोणीच आलं नाही. दोनदा बेल वाजवून बघितली, बहुतेक चालते का म्हणून. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "प्रदीप, माझं काम सध्या कोणाकडे आहे?"

मी खूप विचार केला. मग त्यांना मॅडमकडे घेऊन गेलो.

शेवटी मॅडमनी त्यांना पॅकिंगच्या टेबलाशी खुर्ची दिली, पाय ठेवायला स्टूल दिलं. शेठ बायकांच्या रांगेत बसून रिंगा पिशवीत घालायला लागले. दहा दहाच्या. मन लावून.

दुपारी एक नवीन टेम्पोवाला आला. दारातूनच ओरडला, "सेठ किधर है?"

शेठांनी मान वर केली. आजूबाजूला बघितलं. हातातली पिशवी नीट बंद केली.

"पता नहीं भाई. मॅडम को पूछो."