साईनाथ वर जेवायला आला

आमच्या वर्तकनगरात ‘नवप्रकाश बार अँड रेस्टॉरंट’ नावाचं एक हॉटेल आहे. खाली परमिट रूम, वर फॅमिली सेक्शन आणि दोघांना जोडणारा एक अरुंद, वळणाचा जिना. खाली उजेड बेताचाच असतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू असतं. वर एसी असतो, टेबलांवर काचा असतात आणि लहान मुलं मंचाव सूपमधल्या तळलेल्या नूडल्स वेचून खात असतात. आठवडाभर खाली बसणारी माणसंच रविवारी बायकामुलांना घेऊन वर जातात. किचन एकच, मसाला एकच. माणूस तेवढा जिन्यात बदलतो.

मी त्यातलाच एक. सहकारी बँकेत नोकरी, शाखा घोडबंदर रोडला. दिवसभर लोकांच्या सह्या जुळवून संध्याकाळी सुटलो की थेट घरी जायचं त्राण उरत नाही. घरी सोसायटीच्या पाण्याची भांडणं असतात, मुलीचे पुण्याहून फोन असतात, आणि काहीच नसलं तर बातम्या असतात. मध्ये थोडा वेळ कोणी काहीही न विचारता बसू द्यावं, एवढंच माझं मागणं. घरी मी ‘ट्रॅफिक होता’ म्हणून सांगतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला लोक उगाच शिव्या घालतात. त्याने किती संसार सावरून धरलेत, याची दखल कोणी घेत नाही.

खाली साईनाथ होता. अंगाने किडकिडीत, पांढरा शर्ट, काळी पँट, खिशाला पेन. राजापूरकडचा. मिसरूड फुटायच्या वयात नवप्रकाशमध्ये आला आणि पहिली काही वर्षं वरचीच टेबलं जोडून त्यांवर झोपला. पुढे लग्न झालं, डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला एक खोली-किचन घेतलं, मुलगी झाली, गुडघे गेले. या सगळ्या काळात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. ‘आज उशीर साहेब?’ असंसुद्धा नाही. माणूस बसला की समोर त्याचा ग्लास यायचा, शेंगदाण्यांची बशी यायची आणि साईनाथ दूर जाऊन भिंतीला टेकून उभा राहायचा. जगात न विचारणारी माणसं फार कमी उरली आहेत. त्यातला एक मला रोज संध्याकाळी भेटायचा, हे माझं नशीब.

रविवारी साईनाथ वर वाढायला असायचा. तिथे त्याचा एक कायदा होता. खालच्या गिऱ्हाइकाला वर ओळखायचं नाही. वर तो घरच्यांसोबत आला की तो नवा माणूस. त्याला मेन्यू द्यायचा, थाळीत काय काय येतं ते पहिल्यापासून सांगायचं, त्याने ‘तुमच्याकडे चांगलं काय मिळतं?’ विचारलं तर गंभीर चेहऱ्याने उत्तर द्यायचं. विकी नावाचा पोऱ्या वेटर म्हणून नवा लागला, तेव्हा त्याने वर एका बिल्डरच्या सुपरवायझरला हसून विचारलं, “साहेब, नेहमीचं ना?” सुपरवायझरच्या बायकोचा चमचा हवेतच राहिला. “नेहमीचं म्हणजे?” साईनाथ शेजारच्या टेबलावरून तसाच वळला आणि म्हणाला, “पनीर टिक्का, मॅडम. रविवारी सगळ्यांचं तेच असतं.” मग विकीला किचनमध्ये नेऊन त्याने असा काही झाडला, की आचाऱ्याने गॅस बारीक केला.

पण नंतर त्याच विकीचं लग्न ठरत होतं. सासरी त्याने आपण हॉटेलात मॅनेजर असल्याचं सांगितलं होतं. होणारे सासरे सांगून सवरून जेवायला आले, तेव्हा साईनाथ हात मागे बांधून विकीच्या खुर्चीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ऑर्डर?” बापाच्या वयाचा माणूस. विकीचं लग्न झालं. तेव्हापासून साईनाथचा शब्द म्हणजे विकीला देवाचा शब्द.

श्रावणात खाली शुकशुकाट असतो. अशाच एका रिकाम्या संध्याकाळी साईनाथ आपणहून माझ्या टेबलापाशी आला. बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

“साहेब, गणपतीनंतर सोडतोय मी. डॉक्टर बोलला, आता उभं राहायचं काम बस.”

“बरं केलंस. आराम कर,” मी म्हणालो.

“ते नाय ओ. शिवानी काय बोलते माहितेय? माझी मुलगी. गणपतीला मी इथे, दिवाळीला इथे, ती दहावी पास झाली तेव्हा पण इथेच होतो. परवा बोलली, पप्पा, सगळं आयुष्य तिकडे घातलंत, उद्या तुम्ही नाय आलात तर एक माणूस तरी विचारेल का, साईनाथ कुठे गेला म्हणून?”

“मग?”

“मी बोललो, अर्धं वर्तकनगर ओळखतं मला. हसली ती. तिची आई पण हसली.” त्याने खुर्चीची पाठ पुसल्यासारखी केली. “शकूने हसायला नको होतं, साहेब.”

त्यानेच पुढे सांगितलं, “एकदा दोघींना घेऊन येणार. वर. गिऱ्हाईक म्हणून. बघू दे त्यांना, बाप कोण होता इथे.”

“जरूर आण,” मी म्हणालो. मी तेव्हा दमलेलो होतो आणि मान डोलवण्यापलीकडे विचार केला नाही. त्यानेही केला नसावा. आयुष्यभर जो कायदा पाळला, त्याच्या कचाट्यात आपणच सापडू, हे माणसाला कुठून सुचणार?

गणपती झाले, साईनाथ गेला. खाली त्याच्या जागी विकी आला. रविवारी मात्र विकी वर असायचा. अशाच एका रविवारी आसावरीने, म्हणजे माझ्या बायकोने, सकाळीच जाहीर केलं, “आज मी गॅस पेटवणार नाही.” आम्ही दुपारी नवप्रकाशला गेलो. वर गेलो. विकीने मला आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं आणि खिडकीजवळ बसवलं.

आमची सोलकढी आली तेवढ्यात जिन्यातून साईनाथ वर आला. पुढे शिवानी, मागे हिरव्या साडीतली शकू, डोक्यात गजरा. शेवटी कठड्याला धरून, एकेक पायरी चढत तो. नव्या शर्टाच्या पाकिटातल्या घड्या तशाच होत्या. वर पोचल्यावर तो क्षणभर थांबला आणि त्याने सगळ्या हॉलवर नजर फिरवली. लग्नात मांडवाच्या दाराशी मुलीचा बाप उभा असतो तसा दिसत होता.

विकी लगबगीने पुढे झाला. “वेलकम सर. तीन जण?”

साईनाथ हसला. “काय रे विकी.”

“येस सर. एसीजवळ चालेल? मॅडम, या, इथे बसा.” त्याने शकूसाठी खुर्ची ओढली.

मी विकीचा चेहरा बघत होतो. त्यात चेष्टा नव्हती. साईनाथने घरी काहीतरी वेगळं सांगितलं असणार, त्याची लाज राखायची आहे, एवढंच त्या पोराच्या डोक्यात होतं. तो अगदी मनापासून उपकार फेडत होता. मला ते कळलं आणि मी हातातला पेला खाली ठेवला.

हॉलमध्ये आणखी तिघे-चौघे खालचे होते. आरटीओचा एजंट होता, शाळेतले एक सर होते, केबलवाला होता. सगळे सहकुटुंब. साईनाथने एकेकाकडे बघितलं. ओठांवर हसू तयार होतं, समोरून मान हलली असती की उमटलं असतं. एजंटने मेन्यू उचलला. सरांनी मुलाच्या ताटातल्या माशाचा काटा काढायला घेतला. केबलवाल्याला फोन आला, वाजला मात्र नाही. मग साईनाथने माझ्याकडे बघितलं. मी सोलकढीत बघितलं.

“सर, आमच्याकडे सुरमई थाळी फेमस आहे,” विकी त्याला सांगत होता. “सोबत भाकरी किंवा चपाती, सोलकढी, तिसऱ्यांचं सुकं.” हे वाक्य साईनाथच त्याला शिकवून गेला होता. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आण.”

जेवण आलं. शकू दबकत जेवत होती, तुकडा खाली पडला तर इकडेतिकडे बघत होती. वाटी रिकामी झाली की साईनाथ सवयीने वाटीत वाटी घालायचा आणि विकी धावत येऊन म्हणायचा, “राहू द्या सर, आम्ही करतो.” असं दोनदा झालं. मग त्याने हात मांडीवर ठेवले.

शिवानी बापाकडे बघत होती. पोरगी वाईट नव्हती. तिने अगदी हळू, त्याला सोपं जावं अशा आवाजात विचारलं, “पप्पा, स्टाफ सगळा नवीन आलाय का? तुमच्या वेळचं कोणी दिसत नाय.”

“हो,” साईनाथ म्हणाला. “सगळे नवीनच दिसतायत.”

ते ऐकून माझं जेवण संपलं. मला स्वतःची चीड आली, त्या एजंटची आली, त्या बावळट, प्रामाणिक विकीची आली. इतकी वर्षं या माणसाने आमच्या पुढ्यात ग्लास ठेवले, आमची रडगाणी ऐकून घेतली, आणि त्याला एक दिवस आमची गरज लागली तर आम्ही काटे निवडत बसलोय. आसावरीला काय कळायचं ते कळू दे, म्हटलं, आणि उठलो.

“अहो, कुठे?” आसावरीने विचारलं. मी थांबलो नाही.

“काय साईनाथ!” मी त्याच्या टेबलाशी जाऊन मोठ्याने म्हणालो. सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्याने वर बघितलं. चेहरा असा उजळला, की शकूचा घास हातातच राहिला. त्याचा हातसुद्धा माझ्या हाताकडे निघाला होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, आमच्या टेबलावर, आसावरीवर. हात परत मांडीवर गेला. पाठ सरळ झाली.

“माफ करा,” तो म्हणाला. “आपल्याला ओळखलं नाय मी.”

“अरे, मी कर्णिक! खाली कोपऱ्यातल्या टेबलावर रोज...”

“साहेब, तुमची गल्लत होतेय.” तो अदबीने, माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, आणि पुढे बोलू नका असं डोळ्यांनी सांगत राहिला. “जेवण थंड होईल तुमचं.”

मी मुकाट्याने परत आलो. मागे शकूने विचारलेलं ऐकू आलं, “कोण वो ते?” आणि त्याचं उत्तर, “माणूस चुकला.” थोड्याच वेळात ते उठले. ताटातली सुरमई तशीच होती.

आसावरी माझ्याकडे बघत होती. “तो तुमचा खालचा वेटर ना?” तिने विचारलं.

मी नॅपकिनची घडी घालायला लागलो.

“दर आठवड्याला तुमच्या शर्टाच्या खिशातून बडीशेप झटकून मग मशीन लावते मी. ट्रॅफिकमध्ये बडीशेप वाटतात का?”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही दमून आलेले असता. शिवाय तेवढा वेळ मलाही बरा मिळायचा, कोणी काही न विचारता.” ती पाणी प्यायली. “आता तुम्ही त्याच्याकडे गेलात तेव्हा खरं तर मला बरं वाटलं. पण तो का नाही म्हणाला?”

मी उठलो आणि जिना उतरलो. ते तिघे फुटपाथवर होते. शकू आणि शिवानी रिक्षात बसल्या होत्या, साईनाथ गुडघा धरून चढायच्या बेतात होता.

“साईनाथ,” मी म्हणालो, “तिला माहीत होतं. माझ्या बायकोला. पहिल्यापासून.”

तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. रिक्षावाल्याने मीटर टाकला. आतून शिवानी वाकली. “पप्पा, तुम्ही ओळखता यांना?”

“कर्णिक साहेब,” तो म्हणाला. आवाज पार थकलेला होता. “कोपऱ्यातलं टेबल. साठचा पेग, साधं पाणी, बर्फ नाय. शेंगदाण्यात कांदा नाय.” मग त्याने वरच्या मजल्याच्या काचांकडे बघितलं. आत एजंट, सर, केबलवाला आपापल्या बायकांसमोर बसून जेवत होते.

“साहेब,” त्याने विचारलं, “मग त्यांच्या घरी पण माहीत असेल?”

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं, खोटं का होईना. त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं.

“म्हणजे इतकी वर्षं मी कोणापासून लपवलं?”

शिवानीने हात पुढे करून त्याला आत घेतलं. शकूने सरकून त्याला जागा दिली, आणि रिक्षा निघाली.