सत्कारातच सरली सनई

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज सुविचार लिहायला मन होत नाही.

दुष्काळानंतर पहिल्यांदाच भरलेल्या आपल्या कलामहोत्सवात आज दुपारी शिदूतात्या सनई वाजवणार होते. आधी कराडच्या पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. हार घालताना सनई हवीच, म्हणून मीच तात्यांना वाजवायला बसवलं. एकवीस हार झाले.

मग तात्यांची पाळी आली. तोवर पाहुण्यांच्या जीपमागं सगळा गाव उठून गेला होता आणि तात्यांचा दम संपला होता.

मी म्हणालो, "तात्या, पुढच्या साली पहिला नंबर तुमचा."

सनई फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, "आरं, पुढच्या साली बी पाव्हणं येणारच की."

फळ्याखाली खडू ठेवलाय. कुणाला उत्तर सुचलं तर लिहा.