गटात न बसणारा शब्द

हुशार मुलांच्या खास वर्गासाठीच्या परीक्षेचा निकाल लागला की शाळेच्या फाटकाबाहेर पालकांचे घोळके जमतात. मुलं चिंचेखाली खेळत असतात आणि आईबाप एकमेकांच्या हातातल्या कागदांत डोकावतात. "तुमच्या ईशाला किती?" असं विचारायचं, आकडा ऐकायचा आणि चेहरा हलू द्यायचा नाही. काल मीही त्या घोळक्यात होते. मला चेहरा सांभाळावा लागला नाही. हल्ली तो हलतच नाही.

ईशाची आई माझ्या हातातला कागद बघत म्हणाली, "अहो, नीलचा इतका सोपा प्रश्न चुकला? काका, मामा, आजोबा, आत्या. यात गटात न बसणारा शब्द आत्याच ना, बाकी सगळे पुरुष!" तिनं नीलला हाक मारली. "तू आजोबा का लिहिलंस रे?"

"ते आता नाहीयेत ना," नील म्हणाला आणि परत खेळायला पळाला.

मग एक गृहस्थ हळूच म्हणाले, "हा एक मार्क मिळता तर झालं असतं हो त्याचं." मी मान डोलावली. खरंच होतं ते.

नीलचे आजोबा म्हणजे माझे बाबा. आमच्याकडेच राहायचे. ते गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांचा चहा मीच करत होते. त्यात रडायचं राहून गेलं.

घरी येऊन नेहमीसारखा चहा ठेवला. गाळताना पाहिलं, तर एक कप जास्त झाला होता. बाबा गेल्यापासून रोज होतो. रोज मी तो मोरीत ओतते, कप विसळते आणि पालथा घालते. काल ओतवेना.