रिमोटची मोटरसायकल आणि माझ्या नावाचा डबा

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. सोमवारची सकाळ, नऊ-साडेनऊची वेळ. अंगणात मोटरसायकल पुसत होतो. फोनवर त्याच्या घरचा नंबर दिसला आणि मनात म्हटलं, झालं सुरू याचं. शनिवारी मी त्याला ‘उद्या येतो’ म्हणून सांगितलं होतं आणि रविवारी गेलो नव्हतो. आता हा अर्धा तास डोकं खाणार, म्हणून फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा उचलला तर मधूच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज... “भाऊजी, हे उठूनच नाही राहिले.”

पुढे आठवड्याभरात इतवारी बाजारातल्या भांडेवाल्यांनी शोकसभा घेतली. पाच जण बोलले. मधू मनमिळाऊ होता, दिलदार होता, हसतमुख होता, असं पाचही जणांनी सांगितलं. यातल्या दोघांशी तो कित्येक वर्षं बोलत नव्हता, आणि हसतमुख तर तो गिऱ्हाइकासमोरही नसायचा. एकानं त्याचं नावही चुकीचं घेतलं आणि मागून कुणी तरी सांगितल्यावर ‘असो’ म्हणून पुढे गेला. आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांत मधूनं जे एकच काम मन लावून केलं, त्याचा मात्र कुणी शब्दानं उल्लेख केला नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस रिमोटवर चालणारी मोटरसायकल खेळत होता, हे हार घातलेल्या फोटोसमोर कसं बोलायचं, अशी लाज त्यांना वाटली असावी. मला त्यांच्यावर हसायचा हक्क नाही. ती लाज त्यांच्याआधी मला वाटत होती, आणि मी ती मधूला तोंडावर ऐकवत होतो.

आम्ही पाचवीपासूनचे दोस्त. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत आयुष्य काढलं, तो इतवारीत वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसला. मधूला दुचाकी येत नव्हती. मोटरसायकल सोडा, सायकलही येत नव्हती. लहानपणी एकदा शिकताना सायकलसकट नाल्यात गेला, त्यानंतर हँडलला हात लावला नाही. चाळीस वर्षं तो माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसला. आणि बसायचा तरी कसा! वळणावर गाडी डावीकडे कलली की हा घाबरून उजवीकडे कलायचा. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर जितक्या शिव्या खर्च केल्या तितक्या साहेबांवरही केल्या नसतील. कामठीला मुलगी बघायला गेला तोही माझ्याच मागे बसून. मुलीच्या वडिलांनी खिडकीतून गाडी पाहिली आणि कौतुकानं विचारलं, “गाडी कोणाची?” मधूनं माझ्याकडे बोट दाखवलं. सासरे काही क्षण बुचकळ्यात पडले, बहुधा नवरामुलगा नक्की कोणता या विचारात. सुमनवहिनी हा किस्सा अजून सांगतात... सांगायच्या.

तर असा हा माणूस. दुकान मुलाच्या हाती दिलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. त्यात कुठल्या तरी देशातले म्हातारे रिमोटवर छोट्या मोटरसायकली पळवत होते. माकडाच्या हाती आरसा लागावा तसं झालं. आधी इतवारीतूनच एक खेळणं आणलं. त्याला दोन्ही बाजूंना आधाराची चाकं होती. दोन दिवस चालवून मधूनं ते बाजूला टाकलं. “ही मोटरसायकल नोय बे विन्या, चारचाकी आहे. पडतच नाही तं चालवायची कशाले?” पडण्याची आवड याला आयुष्यात पहिल्यांदाच लागली होती. मग त्यानं सुट्या भागांची पेटी मागवली आणि गाडी स्वतः जोडायला बसला.

जोडायची कशी, तर दुकानातली सर्वांत मोठी परात घेऊन. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू, खाली पडले तर सापडायचे नाहीत, म्हणून सगळा कारभार परातीत. भांडेवाल्याची अक्कल, दुसरं काय! महिनाभर ती परात दिवाणखान्याच्या मधोमध होती. वहिनी दारातून विचारायच्या, “कणीक कशात भिजवू मी आता?” आणि हा मान वर न करता म्हणायचा, “थांब वं, एकच स्क्रू राहिला.” तो एकच स्क्रू महिनाभर राहत होता. मी जाऊन चहा प्यायचो, परातीत पाहायचो आणि म्हणायचो, “मधू, नातवंडं हसतीन तुले.” तो म्हणायचा, “हसू दे.”

गाडी उभी राहिली तेव्हा कळलं की ती उभीच राहत नाही. पळते आहे तोवर सरळ, थांबली की आडवी. मागच्या चाकात एक जड चक्र जोरात फिरत असतं, त्याच्या बळावर ती तोल धरते, वर एक हेल्मेटवाला बाहुला. हे सगळं मधू मला इतक्या गंभीरपणे समजावायचा की मला कीव यायची. चालवायला सपाट सिमेंट लागायचं. ते आमच्या वस्तीजवळच्या लग्नाच्या लॉनच्या पार्किंगमध्ये होतं. तिथला चौकीदार मुहूर्त नसेल त्या दिवशीच आत सोडायचा. त्यामुळे लोक लग्नासाठी पंचांग बघतात, आणि मधू कोणत्या रविवारी लग्न नाही हे बघायला पंचांग उघडायचा. लग्नसराईत त्याचा चेहरा उतरलेला असायचा. तिथे त्याच्यासारखेच आणखी तीन-चार रिकामटेकडे जमायचे, डोक्यावर टोप्या, हातात मोजे, जसं काही खरंच कुणी कुठे पडणार आहे.

एकदा मी गेलो. हट्ट धरला होता त्यानं. “तू तं खरी गाडी चालवते, तुले चुटकीसरशी जमून जाईन,” म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. चाळीस वर्षांचा माझा अनुभव, हे खेळणं काय चीज आहे! रिमोट हातात घेतला, गाडी सुटली, पार्किंगच्या टोकाला गेली, वळली आणि माझ्याकडे यायला लागली. समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. घाबरून मी वेग कमी केला, गाडी डुलली... आणि माझा डावा पाय आपोआप पुढे जाऊन सिमेंटवर टेकला. खाडकन. जणू मीच तिच्यावर बसलो होतो. गाडी चाळीस फूट लांब आडवी झाली आणि मी इकडे एक पाय टेकवून तोल सावरत उभा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. टोपीवाले पोट धरून हसले. आणि मधूही हसला. चाळीस वर्षं मागच्या सीटवर बसलेला माणूस माझ्या गाडी चालवण्यावर हसला.

मी रिमोट त्याच्या हातात कोंबला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “जिंदगीभर माह्या मांगे बसला तू. आता या बाहुल्याच्या मांगे लपून मर्द होऊन राहिला का?”

हसणं थांबलं. मधूनं जाऊन गाडी उचलली, बाहुल्यावरची धूळ फुंकली. परत येऊन शांतपणे म्हणाला, “मांगे बसूनच तं शिकलो ना बे. तू कसा कलते, वळणावर गाडी कशी सोडत नाही, चाळीस वर्षं तुही पाठच पाहून राहिलो ना.” मग त्यानं गाडी सोडली. ती टोकाला गेली, वळताना बाहुला अगदी बरोबर कलला, जितका मी कलतो तितकाच, आणि वेग कमी न होता परत आली. मला हे दिसलं. दिसूनही मी ‘चालू दे तुझं’ म्हणून निघून आलो. माझी चूक माझ्यापुढे चालवून दाखवली, असं तेव्हा वाटलं होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानंतर बोलावलं नसतं. मधू दर शनिवारी फोन करायचा. “एक चक्कर, विन्या. पुरी एक चक्कर न पडता मार, मंग नाही म्हणणार कधी.” त्याच्या बॅटऱ्यांचं एक शास्त्र होतं. या बॅटऱ्या पूर्ण भरून पडू द्यायच्या नसतात, फुगतात, आणि रिकाम्या ठेवल्या तर मरतात. म्हणून चालवून झालं की त्या अर्ध्या करून ठेवायच्या. उद्या चालवायची असेल तरच पूर्ण भरायची, तीही फुटलेल्या माठाच्या बुडात ठेवून, पेट घेऊ नये म्हणून. या नियमाच्या बाबतीत तो सोवळ्याच्या वर कडक होता. त्याच्याकडे दोन बॅटऱ्या होत्या, आणि तो कायम एकच भरायचा. दुसरीचं काय, विचारलं तर म्हणाला, “ते तुह्यासाठी. तू येशीन त्या दिवशी भरीन.” मी म्हटलं, मग ती गंजणार. बॅटरी गंजत नसते, असं त्यानं मला समजावून सांगितलं.

शेवटी त्या शनिवारी, फोन बंद व्हावा एवढ्यासाठी, मी म्हटलं, “येतो बे उद्या.” पलीकडून “पक्का?” आणि मी, “पक्का.”

रविवारी मी तर्री-पोहे खाल्ले, पेपर वाचला, दुपारी झोपलो. न जाण्याचं कारण काही नव्हतं. खरं लिहायचं तर मला पुन्हा तो पाय टेकवायची भीती वाटली. मधूला आयुष्यभर भित्रा म्हणणारा मी, एका वीतभर गाडीला घाबरून घरी बसलो. फोनही करून सांगितलं नाही. त्याचा फोन आला नाही, म्हणून उलट मलाच राग आला.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. गाडी त्या परातीतच होती, रिमोटसकट, वर धुतलेला पंचा. बाजूला बॅटऱ्या ठेवायचे स्टीलचे दोन छोटे डबे. गिऱ्हाइकाच्या भांड्यावर नाव कोरून द्यायची मधूची जुनी सवय. एका डब्यावर ‘मधुकर’ कोरलेलं, दुसऱ्यावर ‘विनायक’. नुकतं कोरलेलं नव्हतं, अक्षरांत काळसर मळ बसला होता. तीन वर्षांपासून माझ्या नावाचा डबा तिथे होता आणि मी त्या खोलीत चहा पिऊन येत होतो.

“रविवारी गेले होते ते,” वहिनी म्हणाल्या. “अकरा वाजेपर्यंत बसले तिथं. गाडी खाली ठेवलीच नाही. मी म्हटलं, तुमी तं चालवून घ्यायची. तं म्हणे, पहिली चक्कर विन्याची.” मग म्हणाल्या, “संध्याकाळी म्हटलं, अर्ध्या नाही करत का बॅटऱ्या? तं म्हणे, राहू दे वं. उद्या येईन तो.”

घरी आणून चार्जरला लावून पाहिल्या. दोन्ही पूर्ण भरलेल्या होत्या.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. शोकसभेत बोललेल्या पाच जणांबद्दल मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, फक्त सहावा मी, एवढं त्यात जोडतो. हा छंद मूर्खपणाचा आहे हे माझं मत कायम आहे. माणसानं अंगण झाडावं, पुस्तक वाचावं, वाटल्यास देवळात जाऊन बसावं. तरी गेले सात रविवार मी पंचांग उघडतो आहे. पाचदा मुहूर्त नव्हता, पाचही वेळा पार्किंगमध्ये गेलो. पाय अजून टेकतो. गाडी पडते, मी जाऊन उचलतो, बाहुल्यावरची धूळ फुंकतो. टोपीवाले आता हसत नाहीत, याचा तर मला जास्तच राग येतो.

पुरी चक्कर अजून झालेली नाही. आज शनिवार आहे. दोन्ही डबे समोर टेबलावर आहेत. मधूची बॅटरी मी त्याच्या नियमाप्रमाणे अर्धी करून ठेवली आहे. माझी माठाच्या बुडात भरते आहे.