नाराज पालक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. त्या कॉलेजचा विषय निघाला की मी अजूनही पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत, अल मनखूल भागात राहायचो आणि तिथल्याच एका छोट्या खासगी कॉलेजात मी ॲडमिनला होतो. डॉ. ओडेरो तिथे इतिहास शिकवायचे. पूर्व आफ्रिकेतले नावाजलेले इतिहासकार, स्वतःच्या देशात विद्यापीठाचे कुलगुरू होते. संपावरच्या विद्यार्थ्यांना धरायला पोलीस आले, तेव्हा हे स्वतः फाटकात उभे राहिले. खुर्ची गेली, मग देशही सुटला. आमच्याकडे साधे लेक्चरर म्हणून आले – कधी कुरकुर नाही. मुलांना खाडीवर नेऊन लाकडी गलबतं दाखवायचे, आपल्या किनाऱ्यावरची कौलं आफ्रिकेत कशी पोचली ते सांगायचे. मी रत्नागिरीचा, मलाच ते ठाऊक नव्हतं. माझी गार्गी त्यांच्याच वर्गात होती. गणपतीत ते आमच्या घरी आले, आरतीला टाळ्या वाजवत उभे राहिले, मोदक मागून घेतला. मला आवडायचे हो ते. खरंच आवडायचे.

मग?

प्रिन्सिपॉलची जागा रिकामी झाली. कॉलेजच्या अरब मालकांच्या मनात ओडेरोच होते. मुलं बहुतेक भारतीय, म्हणून मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं – पालकांना चालेल ना?

आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं. स्थळाला नकार द्यायचा असो की भाडेकरूला वाटेला लावायचं असो – मला काही नाही हो, पण लोक... मी तेच हिंदीत म्हणालो. "मुझे तो कुछ नहीं सर, लेकिन पॅरेंट्स लोग नाराज हैं." कुठले पॅरेंट्स? एकानेही कधी ब्र काढला नव्हता. मालकांनी खोलात विचारलं नाही. "खलास," म्हणाले, म्हणजे विषय संपला, आणि जागेवर एक इंग्रज आला.

वर्गात होते तोवर ओडेरो मला चालत होते – साहेब म्हणून नको होते. गावी कुणी विचारलं, तुझा साहेब कोण, तर? काळ्या माणसाच्या हाताखाली – हेच शब्द माझ्या मनात आले होते. लिहिताना आताही हात अडतोय. तेव्हा जीभ अडली नाही.

गोष्ट कॉलेजभर झाली, ओडेरोंच्याही कानावर गेलीच. ते माझ्या टेबलाशी आले. कुणी काही सांगितलं की आधी विचारा, हे म्हणतंय कोण – मुलांना ते हेच शिकवायचे. त्यांनी शांतपणे विचारलं, कोण आहेत हे पालक? मी त्यांच्या घरी जातो, चहा घेतो, बोलतो. मी म्हणालो, सर, सगळे सुट्टीला इंडियाला गेलेत. ओडेरोंनी माझे आभार मानले.

पुढच्या वर्षी त्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही, म्हणजे व्हिसाही गेला. ते निघून गेले. पुन्हा कुठलं कॉलेज त्यांच्या हाती आलं नाही. ते वारल्याचं कळलं, ते गार्गीकडूनच.

ते दुबई सोडून गेले त्या दिवशी जेवताना गार्गी रडवेली होऊन विचारत होती, "बाबा, हू आर दीज पॅरेंट्स? आय वाँट टू नो."

मी भात कालवत राहिलो. नाराज पालक एकच होता. तो तिच्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवत होता.