नारळ आडवाच होता

माझे वडील आश्रुबाअण्णा पाणाडे, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायचा. आमच्या युसूफ वडगाव गावात त्यांचा नारळ कधी आडवाच राहिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मला या धंद्याची इतकी लाज, की जिनिव्हाला कुणी विचारलं तर ‘वडील शेती करतात’ म्हणून मी मोकळी व्हायची.

तिथल्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं जड न्यूट्रल लेप्टॉन शोधत होते. न्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणाचा हा वजनदार भाऊबंद. असलाच, तर स्वतः दिसत नाही. थोडं अंतर जाऊन फुटतो आणि मागे खुणा तेवढ्या सोडतो. यंदा दिवाळीला घरी आले, तर अण्णांनी गावभर सांगून ठेवलेलं, पोरीनं कण धरला!

मी छापील शोधनिबंध त्यांच्यापुढं ठेवला. “सापडला न्हाई, अण्णा.”

त्यांचा चेहराच उतरला. “मंग ह्यात काय लिवलंय?”

“हेच. इतक्या वजनापासून तितक्यापर्यंत धुंडाळलं, आमच्या यंत्राला काईच दिसलं न्हाई. पुढच्यांनी तिथं परत हुडकू नये.”

“आन् त्याच्यावर तुजं नाव?”

“हाय की.”

अण्णा पानं उलटत बसले. एक अक्षर कळत नव्हतं, तरी उलटत होते. मग टोपी घातली आणि म्हणाले, “चल, भिवराक्काकडं.”

तीन वर्षांमागं त्यांनी दाखवलेला भिवराबाईचा बोअर फेल गेला होता. नुसता फुफाटा निघाला. तेव्हा चारचौघांत अण्णा म्हणाले होते, “रांडमुंड बाई बोअरवर हुबी व्हती. पायगुणानं पाणी पळालं.” मीही सुट्टीवर आलेली, पाणी दाखवताना नि बोअर घेतानाही तिथंच होते.

म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. अण्णा खालीच बसले.

“आक्का, त्या दिवशी नारळ आडवाच व्हता. म्या अंगठ्यानं हुबा केला. पाणी न्हाई म्हणायची लाज वाटली. तुजा पाय वंगाळ न्हाई.”

भिवराबाईचे हात थांबले. “आश्रुबा, नातवाच्या बारशाला म्या भाईरच बसले रं. पोराला माजा पाय नको म्हणून.”

अण्णांनी तोंड उपरण्यात घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा अंगठा हललेला मी त्याच दिवशी पाहिला होता.