पोत्यानं बुजवलेल्या खिडक्या

एका सोमवारी आमचे वडील, आप्पा, वारले. निपाणीच्या एका वखारीत त्यांनी आयुष्यभर तंबाखू चाळली. दिवसकार्य झालं आणि त्यांच्या जागी माझी थोरली बहीण, आक्का, चाळण घेऊन बसली. पावसाळा सरेपर्यंत तिला आप्पांचाच खोकला लागला.

मी तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात इंजिनियरिंग शिकवत होतो. पंख्यानं धूळ ओढून बाहेर टाकणारा पत्र्याचा डक्ट मी तिथल्या संगणकावर गणितात उभा केला. अशा गणितात हवा कुठून, किती दाबानं आत येते हे आधी सांगावं लागतं. त्याला बाउंड्री कंडिशन म्हणतात. डक्टच्या तोंडाशी मी बाहेरच्या हवेइतकाच दाब धरला. वखारीला आठ खिडक्या होत्या, हवेला काय तोटा? आकडे छान आले. मालकांनी डक्ट बसवला. पंखा फिरला, पण धूळ जागची हलली नाही.

"आठ दिवस बघतो मास्तर," मालक म्हणाले. "न्हायतर पत्रा गोठ्यावर टाकतो."

घरी येऊन डक्टच्या आराखड्याचा कागद पसरला. आक्का वाकून बघू लागली.

"हे काय रं?"

"वखारीच्या खिडक्या."

"आणि उघड्या? वारं आलं की तंबाखू उडतीय. समद्या खिडक्या पोती कोंबून बुजवतोय आम्ही. आप्पांनी जन्मभर तेच केलं. एवढा शिकलास, आणि दिसलं न्हाय व्हय?" ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली.

शाळेत असताना मी रोज आप्पांचा डबा घेऊन तिथं जात असे. अंधार आठवत होता. पोती आठवली नव्हती.

बेळगावला परतून बाहेरचा दाब मी पोत्यांच्या पलीकडे ठेवला, आणि पोत्यातून येताना हवा किती अडते तेही मांडलं. डक्टमधली हवा निम्म्याहून कमी झाली. वखारीत होत होतं तेच कागदावर आलं. मग कोंबलेल्या पोत्यांऐवजी विरळ विणीचं एकेरी गोणपाट आठही खिडक्यांना गणितात धरून बघितलं. हवा पुरेशी येत होती, आणि आठ ठिकाणी वाटली गेल्यानं तंबाखू उडवण्याइतका जोर कुठंच नव्हता.

सातव्या दिवशी गोणपाटं ताणून बसवली. पंखा लावला. चाळणीवरची धूळ तिरकी झाली आणि डक्टच्या तोंडात शिरू लागली. तंबाखू जागेवरच राहिली. आक्कानं नाकावरचा पदर खाली घेतला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आप्पा गेल्यानंतर त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

ती वखार आता नाही. पत्रा भंगारात गेला. आक्का आहे. खोकला तिला फक्त थंडीत येतो.